हिंजवडीचे दार आणि आपली मुले



मुळशी तालुक्याने इतरांच्या उत्कर्षासाठी दोनदा आपली जमीन दिली आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथील मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह आरंभिला. १९२४ पर्यंत तो लढा चालला. पण अखेर गावे पाण्याखाली गेली आणि त्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईला गेली. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस हिंजवडी-माण परिसरातील शेतांवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहिला. जगातील पेढ्यांचे आणि विमा कंपन्यांचे व्यवहार ज्या आज्ञावलींवर चालतात, त्या आज तेथे लिहिल्या जातात.

आमचा प्रश्न एवढाच आहे की, त्या पार्कच्या दारातून आपली मुले कोणत्या कामासाठी आत जातात? झाडलोटीला, पहाऱ्याला, उपाहारगृहातील भांडी घासण्याला, की आज्ञावली लिहिण्याला? कोणतेही श्रम हीन नाहीत. परंतु तेच श्रम पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुळाच्या वाट्याला यावेत, हे मात्र हीन आहे. महार वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. ते वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. जे वतन इतक्या कष्टाने गेले, ते कंत्राटाच्या रूपाने परत येऊ द्यावयाचे काय?

सॉफ्टवेअर लिहिणे हे कोणाचे जन्मजात वतन नाही. यंत्राला एकामागून एक स्पष्ट सूचना देणे, हेच त्याचे मर्म होय. गावच्या दूध संकलन केंद्राचा हिशेब घ्या. लिटर किती, स्निग्धांश किती, त्यानुसार दर कोणता आणि मागील उचल वजा जाता देणे किती, हे ज्याला क्रमाने मांडता येते, तो आज्ञावली लिहावयास शिकू शकतो. मात्र त्यात एक अट विसरली, तर शेतकऱ्याचे पैसे बुडतात. म्हणून या विद्येला पाठांतर चालत नाही. विचारांची शिस्त लागते. आणि जो सूचना लिहितो, तोच नियम ठरविण्यात वाटेकरी होतो, हेही विसरू नका.

या विद्येचे मार्ग लक्षात ठेवा. दहावी उत्तीर्ण मुलामुलींसाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत संगणक चालक व प्रोग्रामिंग सहाय्यक हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. लोक त्याला 'कोपा' म्हणतात. तंत्रनिकेतनात तीन वर्षांची संगणक पदविका आहे. ती पूर्ण करणाऱ्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. बारावीनंतर काही महाविद्यालयांत बी. व्होक. आहे. तेथे पहिल्या वर्षानंतर पदविका, दुसऱ्यानंतर प्रगत पदविका आणि तिसऱ्यानंतर पदवी मिळते, म्हणून मध्येच घर सांभाळण्याची वेळ आली तरी झालेले शिक्षण वाया जात नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

परंतु प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. 'हमखास नोकरी' अशी पाटी लावून लाखाची फी मागणाऱ्या खासगी वर्गासाठी घरातील सोने गहाण टाकू नका. कोपा ही पहिली पायरी आहे. त्यावर थांबणारा मुलगा पुष्कळदा केवळ टंकलेखनावरच अडकतो. त्याने रोज काही लिहावे, चुकावे, चूक शोधावी. पायथन आणि लिनक्स ही साधने विनामूल्य मिळतात. इंग्रजीची भीती बाळगू नये. मात्र तिचा अभ्यासही टाळू नये.

आता हक्काविषयी. १९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. पदविकेसाठी व पदवीसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. तरीही दाखले वेळेवर न काढल्यामुळे हे हक्क हातचे जातात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र यांची तयारी निकालाची वाट न पाहता करा. विहारात रविवारी जमता, तेव्हा शिकलेल्या तरुणाने दोन तास बसून चार घरांचे अर्ज भरून द्यावेत.

बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरविले. हिंजवडीत दिवसा पहारा करणाऱ्या तरुणासाठी सायंकाळचे वर्ग तालुक्यात का असू नयेत? ही मागणी ग्रामसभेत करा, लेखी करा आणि पुन्हा पुन्हा करा.

आणि माता-पित्यांनो, दहावी झालेल्या मुलाचा आणि विशेषतः मुलीचा पहिला पगार घरात यावा, ही घाई आम्ही समजू शकतो. घरातील चूल त्याच पैशावर पेटते, हेही आम्ही जाणतो. तरी तो पगार एकदोन वर्षे पुढे ढकलण्याचे धैर्य दाखवा. लग्नाच्या मांडवावर होणारा खर्च त्या वर्षांच्या शिक्षणाकडे वळवा. दार उघडेच आहे. आपले मूल त्यातून हातात काय घेऊन आत जाणार, याचा निर्णय या जूनमध्ये तुमच्या घरात व्हावयाचा आहे.