सामाईक पाइपलाइनला वेल्डिंगचा बॉल व्हॉल्व्ह नको

उपसा योजनेच्या सामाईक पाइपलाइनसाठी पूर्ण वेल्डिंग केलेल्या बॉल व्हॉल्व्हची भलामण केली जाते. "बॉडीला जोडच नाही, तर गळणार कोठून?" असे विक्रेते सांगतात. त्यात तथ्य आहे. जमिनीखालच्या गॅस पाइपलाइनवर असे व्हॉल्व्ह बसवतात, कारण तेथे जराही गळती परवडत नाही. पण आपल्या पाइपातून वाहते ते नदीचे गढूळ पाणी.

बॉल व्हॉल्व्हच्या पोटात आरपार भोक असलेला गोळा असतो. दांडा पाव फेरा फिरवला की पाणी चालू किंवा बंद. गोळ्याला दोन्ही बाजूंनी बहुधा टेफ्लॉनच्या कड्या असतात आणि पाणी अडते ते त्यांच्यामुळे. रेतीने कड्या ओरखडल्या की व्हॉल्व्ह पाणी सोडू लागतो. नट-बोल्टच्या बॉडीचा असेल तर फिटर तो खोलून कड्या बदलील. वेल्डिंगचा मात्र जागेवर खोलता येत नाही, पाइपातून काढून दुसराच बसवावा लागतो. ऐन एप्रिल-मे महिन्यांत लाइन बंद पडली तर सगळ्यांचाच ऊस वाळणार! म्हणून माझे स्पष्ट मत असे, की खोलता येणारा, फ्लँजने बसणारा व्हॉल्व्हच घ्यावा.

मात्र चांगला व्हॉल्व्हही वाईट हाताळणीने जातो. दोघांत पाणी वाटायचे म्हणून तो अर्धवट उघडा ठेवतात. मग चिंचोळ्या फटीतून पाणी जोरात घुसते आणि कड्या खाते. त्यापेक्षा पाणी तासांवर वाटा. ज्याची पाळी त्याला पुरते पाणी, म्हणजे भांडणही नाही.

दांडा झटक्यात फिरवणे तर त्याहून घातक. १,५०० मीटर लांबीच्या लोखंडी लाइनमध्ये दाबाची लाट जाऊन परत यायला साधारण ३ सेकंद लागतात. सेकंदाला १ मीटर वेगाने येणारे सगळे पाणी त्याच्या आत अडवले, तर सुमारे १०० मीटर उंच पाण्याइतका जादा दाब पाइपवर येतो. मग जोड निखळतात, पाइप फुटतात. म्हणून मोठ्या व्हॉल्व्हला दांड्याऐवजी गिअरचे चाक घ्यावे. पाळी बदलताना आधी पुढच्याचा व्हॉल्व्ह उघडावा, मगच मागचा हळूहळू बंद करावा.

हे काम एकाच पाटकऱ्याकडे द्यावे व तसा ठराव योजनेच्या सभेत करावा. पाइपलाइन सर्वांच्या पैशांची आहे; ज्याने त्याने येऊन व्हॉल्व्ह फिरवावा, हे बरे नव्हे.

— ऊस विकास अधिकारी