अपघातानंतरचा पहिला तास

परभणी-गंगाखेड रस्त्यावरील पोखर्णी हे नृसिंहाचे क्षेत्र. दर्शनार्थींच्या मोटारी, एस. टी.च्या गाड्या, दुचाक्या आणि साखर हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या अशी वाहतूक या परिसरातील रस्त्यांवरून चालते. अशा रस्त्यावर अपघात घडला की गर्दी तात्काळ जमते. परंतु जखमीला हात लावण्यास सहसा कोणी धजत नाही. ‘पोलिसांचे लचांड मागे लागेल’ ही धास्ती माणुसकीहून प्रबळ ठरते. लोकांना निर्दय ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ही धास्ती शासनयंत्रणेच्या वर्षानुवर्षांच्या वर्तनातून निर्माण झाली आहे, हे विसरता येणार नाही.

कायदा मात्र पुढे गेला आहे. प्रत्येक डॉक्टरने, मग तो सरकारी असो वा खाजगी, जखमीवर प्रथम उपचार केले पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्यास संरक्षण देते. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णालयात अडवून ठेवता येत नाही. हे संरक्षण खेड्यातील किती लोकांना ठाऊक आहे?

दुखापतीनंतरचा पहिला तास निर्णायक असतो. म्हणून प्रथम मागून येणारी वाहने थांबवावीत, १०८ वर रुग्णवाहिका व ११२ वर पोलीस बोलवावेत. आगीचा वा वाहनांचा धोका नसेल तर जखमीला ओढून काढू नये. मणक्याची इजा त्याने वाढते. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. वाहनाचा क्रमांक टिपून ठेवावा.

जखमीस उपचार मिळवून देण्याचे व पोलिसांना खबर देण्याचे बंधन कलम १३४ चालकावर घालते. जमावाच्या प्रक्षोभामुळे ते अशक्य झाले, तर तेवढी सूट कायदाच देतो. चालक अनेकदा मारहाणीच्या भीतीने पळतो. ट्रकचालक हाही श्रमिकच आहे. त्याला झोडपल्याने न्याय होत नाही. उलट जखमीला उचलण्यास उपयोगी पडणारे दोन हात मात्र नाहीसे होतात. दोष कोणाचा, हे न्यायालय ठरवील.

पहिल्या तासानंतर गरिबाची दुसरी परवड सुरू होते, ती पैशाची. केंद्र शासनाने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार विनारोख मिळावयाचे आहेत. पण ते नियुक्त रुग्णालयांतच. अशी रुग्णालये तालुक्यात किती व किती अंतरावर आहेत, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारलाच पाहिजे. रुग्णालयच जवळ नसेल, तर कागदावरील हक्काने जीव वाचत नाही.

धडक देऊन वाहन पळून गेले, तर १ एप्रिल २०२२ पासून मृताच्या वारसांना दोन लाख व गंभीर जखमीला पन्नास हजार रुपये भरपाई ठरलेली आहे. परंतु जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले आकडे अंतर्मुख करणारे आहेत. २०२२ साली देशात असे ६७,३८७ अपघात नोंदले गेले. भरपाईसाठी २०२२-२३ मध्ये अर्ज आले अवघे २०५, आणि निकाली निघाले ९५. ही तफावत केवळ अज्ञानाची नाही. मजुरी बुडवून कचेरीचे खेटे घालणे ज्याला परवडत नाही, त्याच्यापर्यंत हक्क पोहोचवण्याची व्यवस्थाच नाही, याचा हा पुरावा आहे.

येथेच पक्षकार्यकर्त्याचे काम सुरू होते. प्रथमोपचार शिकलेले चार तरुण प्रत्येक गावात असावेत. कलम १३४-अ चा आशय ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. फिर्यादीची प्रत मिळवून अर्ज तहसील कचेरीत दाखल होईपर्यंत कार्यकर्त्याने जखमीच्या कुटुंबाची साथ सोडू नये. रस्ता सार्वजनिक आहे, तशीच त्यावर पडलेल्या माणसाची जबाबदारीही सार्वजनिकच आहे. ही जाणीव संघटनेच्या बळावर व्यवहारात उतरवणे हेच समाजवादी काम होय.