सातभाईंच्या घरचे परके पिल्लू

पैनगंगेकाठचे किनवट हे सागवानाच्या जंगलाचे गाव. पावसाळ्याच्या तोंडावर तेथील झाडीत 'पेर्ते व्हा' अशी साद घालणारा पावशा स्वतः घरटे बांधीत नाही. त्याची मादी सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात अंडे घालते. दोघांचीही अंडी निळी असल्याने भेद उमगत नाही.

सातभाई थव्याने राहतात. आईबापांखेरीज थव्यातील इतरही पिलांना किडे भरवतात. उघडी चोच व भुकेची हाक त्यांना पुरेशी असते. परके पिल्लू थोराड झाले तरी चारा थांबत नाही. पिंजऱ्यात एकत्र ठेवलेले मुनियाच्या कुळातील पक्षीही कधी कधी अन्य जातीची पिले भरवतात, ते याच प्रेरणेने.

यास दया म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पक्ष्यास फसवणूक कळत नाही आणि तिचे मोल त्याच्याच पिलांना द्यावे लागते. मनुष्यास मात्र आपपर कळते. दिवंगत भावाचे मूल असो वा दुकानातील नोकराचे, ते दारी आले म्हणजे हिशेब मनात येतोच. तो येऊनही ताट वाढले जाते, तेव्हाच त्यास करुणा म्हणावे.