आधी ‘हो की नाही’, नंबर सगळ्यात शेवटी



बारावीचा निकाल लागला की पहिला प्रश्न येतो, “किती टक्के?” नीटचा निकाल लागला की विचारतात, “रँक किती?” पण घरातलं मूल एनडीएच्या, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसलं असेल, तर या दोन्ही प्रश्नांना कितीतरी महिने उत्तर नसतं. मूल लेखी पास झालेलं असतं, मुलाखतीला निघालेलं असतं, तरी आपण नक्की कितव्या नंबरावर आहोत हे त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं. मामा फोन करतात, शेजारच्या काकू विचारतात, आणि मूल नुसतं “बघू” म्हणून खोलीत जातं.

ते काही लपवत नसतं. या भरतीची पद्धतच तशी आहे. इथे प्रत्येक टप्प्यावर आधी फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ कळतं, आकडा सगळ्यात शेवटी येतो. कोणत्या टप्प्यावर काय कळतं आणि काय कळत नाही, एवढं समजलं तरी घरातला अर्धा ताण कमी होईल. म्हणून आज त्याबद्दल.

पहिला टप्पा: लेखी परीक्षा

ही परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते. गणिताचा पेपर ३०० गुणांचा, सामान्य क्षमतेचा ६०० गुणांचा, एकूण ९००. उत्तर चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो.

निकाल म्हणजे पास झालेल्यांच्या रोल नंबरांची लांबलचक यादी. त्यात गुण नसतात आणि क्रमही नसतो. यादीत रोल नंबर वर दिसला म्हणून कोणी पुढे नसतो, खाली दिसला म्हणून मागे नसतो.

परीक्षेच्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर उत्तरतालिका फिरू लागतात. त्या क्लासवाल्यांनी बनवलेल्या असतात. अंदाजापुरत्या ठीक, पण त्यावरून मुलाला पास-नापास ठरवू नका. अलीकडच्या वर्षांत लेखीचा कट-ऑफ ९०० पैकी साधारण ३०० ते ३६० च्या आसपास राहिला आहे. शिवाय प्रत्येक पेपरात किमान गुण लागतात. शाळेत ९० टक्के मिळवणारं मूल “मला ४० टक्केच पडतील” म्हणून रडत असेल, तर त्याला हा आकडा दाखवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. लेखीत पास झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत लष्कराच्या भरतीच्या वेबसाइटवर नाव नोंदवावं लागतं. निकालाचे पेढे वाटताना ही नोंदणी राहून जायला नको.

दुसरा टप्पा: एसएसबी

भोपाळ, बंगळुरू, प्रयागराज, डेहराडून, म्हैसूर अशा ठिकाणी निवड मंडळं आहेत. मुलाखत म्हणतात, पण असतात पाच दिवस. छातीवर नंबर लावतात आणि तेवढ्या दिवसांत मूल त्या नंबराने ओळखलं जातं.

पहिल्याच दिवशी चाळणी होते. बुद्धिमत्तेची चाचणी होते, मग एक अंधूक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायला सांगतात आणि गटात चर्चा होते. दुपारपर्यंत नंबर पुकारले जातात. ज्यांचे पुकारले जात नाहीत, ते त्याच दिवशी परतीच्या वाटेला लागतात. सकाळी आलेलं मूल संध्याकाळी स्टेशनवर बॅग घेऊन बसलेलं असतं. त्याचा पहिला फोन घरी येतो. त्या फोनवर काय बोलायचं, ते आधीच ठरवून ठेवा.

जे राहतात त्यांना तीन जण वेगवेगळे पारखतात. मानसशास्त्रज्ञ लिहिलेलं वाचतो, मैदानावरचा अधिकारी गटात कसं वागतो ते पाहतो, आणि मुलाखत घेणारा समोर बसवून बोलतं करतो. मनसा, वाचा, कर्मणा या तिन्हींचा मेळ बसतो का, हे त्यांना बघायचं असतं. शेवटच्या दिवशी सगळं मंडळ एकत्र बसतं, प्रत्येकाला काही मिनिटं आत बोलावतं, आणि मग बाहेर रांगेत बसलेल्या मुलांसमोर निकाल पुकारला जातो. पुन्हा तेच, नुसते नंबर. गुण नाहीत, कारणही नाही. कधी गटातला एकही नंबर पुकारला जात नाही.

हे ‘कारण नाही’ फार छळतं. मूल आठवून आठवून बघतं, मी तिथे असं बोललो म्हणून झालं नसेल का? तुम्हीही विचारता, “अरे, पण का नाही घेतलं?” त्याला खरंच माहीत नसतं. कृपा करून दुसऱ्यांदा विचारू नका.

१९५८ साली डेहराडूनला हवाई दलाच्या निवड मंडळासमोर मद्रासहून शिकून आलेला एक तरुण इंजिनिअर उभा होता. २५ उमेदवार होते, ८ जागा होत्या, आणि त्याचा नंबर आला नववा. वैमानिक व्हायचं त्याचं स्वप्न तिथेच थांबलं. त्याचं नाव ए. पी. जे. अब्दुल कलाम. पुढे राष्ट्रपती असताना, २००६ साली, पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केलं. प्रत्येक नवव्या मुलाचा कलाम होतो असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मंडळाने फक्त ‘या कामासाठी, या वेळी, या आठ जणांत नाही’ एवढंच सांगितलं होतं. ‘हा मुलगा कामाचा नाही’ असं कोणीच म्हटलं नव्हतं.

तिसरा टप्पा: वैद्यकीय तपासणी

शिफारस झालेल्यांची लष्करी रुग्णालयात तपासणी होते. इथे ‘अनफिट’ शब्द ऐकून घर हादरतं. पण तो दोन प्रकारचा असतो. तात्पुरता, म्हणजे उपचाराने बरं होण्यासारखं काही. आणि कायमचा. निकाल पटला नाही तर ठरलेल्या मुदतीत अपील करून पुन्हा तपासणी करून घेता येते. म्हणून तिथून मिळालेला कागद नीट वाचा आणि त्यावरच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. दात, कानातला मळ, वजन, डोळे यांची तपासणी तर एसएसबीला जायच्या आधीच आपल्या डॉक्टरांकडून करून घेता येते.

चौथा टप्पा: गुणवत्ता यादी

लेखीचे ९०० आणि एसएसबीचे ९०० मिळून १८०० पैकी गुण होतात आणि यूपीएससी क्रमवार यादी लावते. आता कुठे नंबर कळतो. अलीकडे या यादीत शेवटचं नाव साधारण ६५० ते ७३० गुणांच्या आसपास लागलं आहे.

पण यादीत नाव म्हणजे जागा नक्की नव्हे, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो. एका वेळच्या जागा साधारण ४००, आणि यादी त्याहून मोठी असते. शिवाय यादी करताना वैद्यकीय निकाल धरलेला नसतो. समजा, तुमच्या मुलीचा नंबर ४५० आहे. तिच्या पुढचे काही जण अनफिट ठरतील, काही दुसरीकडे प्रवेश घेतील. भूदल, नौदल, हवाई दल यांतला कोणाचा पसंतीक्रम काय, मुलींच्या जागा किती, यावरही गणित बदलतं. प्रवेशाचं पत्र हातात येईपर्यंत वाट बघावीच लागते. गावात बॅनर लावायची घाई नको.

अंतिम निकालानंतर काही दिवसांनी गुणपत्रिका वेबसाइटवर ठरावीक मुदतीपुरती दिसते. ती जपून ठेवा. निवड झाली नसेल तर हाच कागद खरा उपयोगाचा. लेखीत चांगले आणि एसएसबीत कमी, की उलट? पुढच्या वेळची तयारी कशाची करायची, ते यातून दिसतं.

घरच्यांसाठी तीन गोष्टी

पहिली, कॉलेजचा प्रवेश सोडू नका. अर्जापासून प्रबोधिनीत पाऊल टाकेपर्यंत साधारण वर्ष जातं. त्या वर्षात मूल रिकामं बसलं तर प्रत्येक ‘नाही’ दुप्पट लागतो.

दुसरी, “आतून नंबर काढून देतो” म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जो आकडा उमेदवारालाच शेवटी कळतो, तो पैसे घेऊन आधी सांगणारा माणूस फसवाच असणार.

तिसरी, वयाचा हिशोब करा. साडेसोळा ते साडेएकोणीस या वयात काही संधी मिळतात, अमाप नाही. पुढे पदवीनंतर सीडीएसचा रस्ता आहेच. २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर एनडीएचं दार मुलींनाही उघडलं, आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. त्यामुळे हा हिशोब आता लेकीसाठीही करायचा आहे.

आणि स्टेशनवरून येणारा तो फोन? “काय झालं?” हा प्रश्न तिथे नको. त्याचं उत्तर आवाजातूनच कळतं. “जेवलास का? गाडी किती वाजता पोचते? मी येतो घ्यायला,” एवढंच बोला. इतक्या महिन्यांत आपण कुठे उभे आहोत हे त्याला कोणीच नीट सांगितलेलं नसतं. घरात आपली जागा कुठे आहे, तेवढं तरी त्याला पक्कं माहीत असू द्या.

भेटू पुढच्या लेखात.