पाट फुटला की...

सांगली-साताऱ्याकडच्या ऊसवाल्यांना हा प्रकार नवा नाही. सरीचा वरंबा फुटला की पाणी ओघळातून थेट बांधाकडे धावतं आणि निम्मा फड कोरडा. मोटार आणखी दोन तास चालवून उपयोग नाही, आधी भगदाड बुजवायचं.

मुंबई हायचं दुखणं हेच. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर समुद्रात, १९७४ साली ‘सागर सम्राट’नं शोधलेलं तेलक्षेत्र. तेल तिथे तळ्यासारखं साठलेलं नाही, चुनखडीच्या बारीक छिद्रांत आहे. दाब टिकवायला समुद्राचं पाणी आत ढकलतात. ते सोप्या वाटेनं पळतं आणि तेलाच्याच विहिरीतून वर येतं! इथलं तेल तसं हलकं. जाड तेल असतं तर पाणी त्याला आणखी लवकर मागे टाकतं. मग पाण्यात पॉलिमर मिसळून ते दाट करा, वाटा जेलनं बुजवा, राहिलेल्या तेलाकडे आडव्या विहिरी न्या. (आमच्या भाषेत लेगसी कोड. नव्यानं लिहिणं परवडत नाही.)

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीनं यासाठी बीपीला दहा वर्षांकरता निवडलं. मोबदल्याचा मोठा भाग वाढीव उत्पादनावर. ठीक, पण वाढीव कशापेक्षा? जुनं क्षेत्र दरवर्षी घटतच असतं. ही घट जास्त धरली, की काही न करता वाढ दिसते. अप्रेझलचा फॉर्म भरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको :)

म्हणून माझं मत: घटीचा अंदाज आणि दर तिमाहीचं उत्पादन शेजारी शेजारी छापा. सोबत पाणी किती ढकललं, किती परत आलं, तेही.