खाला कुठे अडल्या?

लोकलने जाणाऱ्या आमच्या वाचकांना रेल्वेचे यूटीएस अ‍ॅप ठाऊक आहेच. डिसेंबर २०१४ मध्ये ते मुंबईत आले तेव्हा मोबाइलवर तिकीट काढूनही स्टेशनातल्या मशीनवर ते छापून घ्यावे लागे. मग रांग टळली कुठे? २०१५ मध्ये कागदाची अट सुटू लागली. टीसी दिसल्यावर कुणी घाईघाईने तिकीट काढू नये म्हणून स्टेशनाच्या आत बंदी होती. पुढे आत आलेल्यांसाठी क्यूआर कोड लागले.

थोडे बनवा, लोकांच्या हाती द्या, सुधारा, या रीतीला संगणकवाले 'अ‍ॅजाइल' म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकेत सतरा जणांनी तिचा जाहीरनामा लिहिला. आमचा भाचा बदलापूरहून ऐरोलीला जातो, तिथे असेच काम चालते: दोन आठवड्यांचा एक 'स्प्रिंट'. सध्या तो दवाखान्याची वेळ घेण्याचे अ‍ॅप बनवतोय.

गेल्या ईदला तो उल्हासनगरला आमच्याकडे आला आणि शेजारच्या खालांना ते दाखवू लागला. खाला उर्दू वाचतात, आकडे ओळखतात, गुडघ्यांनी हैराण आहेत. आम्ही भाच्याला म्हटले, "तू बोलू नकोस, नुसता बघ." बीएडच्या सराव पाठाला आम्हीही असेच मागच्या बाकावर वही घेऊन बसायचो.

खाला जन्मतारखेपाशी अडल्या. कॅलेंडर आजच्या तारखेवर उघडले; सत्तर वर्षे मागे जायचे ते एकेक महिना सरकवत. त्यांनी फोन खाली ठेवला. "बेटा, इतकं मागे कोण जाईल? मी रांगेतच उभी राहते."

"मामू, आमच्या टीममध्ये सगळे तिशीच्या आतले. हे कुणाला दिसलंच नाही," भाचा म्हणाला. मग हळूच, "पण पुढच्या स्प्रिंटची यादी भरलीय."

खरी अडचण ही. बघायला वेळ कुणी ठेवलेलाच नसतो. कॅनडातल्या एलियस कंपनीत यावर निघालेली तोड देसिरे साय यांनी २००७ मध्ये लिहून ठेवली आहे: आखणी करणाऱ्यांनी एक स्प्रिंट पुढे चालायचे. आज जे बनतेय त्याचा कच्चा आराखडा आधीच माणसांसमोर ठेवून झालेला असतो. उद्याचा धडा आज रात्री वाचणाऱ्या मास्तरला हे नवे वाटणार नाही!

पुढच्या रविवारी भाचा कागदावर चौकोन काढून घेऊन आला. जन्मतारीख गेली होती, नुसते वय उरले होते. खाला झरझर पुढे गेल्या आणि ओटीपीच्या चौकोनावर बोट ठेवून थांबल्या. "हा नंबर तर मुलाच्या फोनवर येतो. तो दिवसभर कुर्ल्याला."

भाच्याने वही उघडली.