माहिती हवी, मत नको

सांताच्या गाडीला जुंपलेलं रेनडिअर तुम्ही पाहिलं असेलच, निदान व्हॉट्सॲपच्या स्टिकरमध्ये तरी. हीच प्रजात उत्तर अमेरिकेत मोकळी फिरते तेव्हा तिला कॅरिबू म्हणतात. कॅनडाच्या उत्तरेत तिचे मोठे कळप हिवाळा झाडीत काढतात आणि वसंतात शेकडो किलोमीटर चालून उघड्या टुंड्रावर पिल्लं द्यायला जातात. तिथल्या डेने आणि इन्युइट लोकांचं अन्न, कपडे, गोष्टी, मुलांना लावायची शिस्त, सगळं या जनावराभोवती उभं आहे.

आता एक भांडण ऐका. हडसन उपसागराच्या पश्चिमेला एक कळप आहे, तेव्हाचं त्याचं नाव कामिनुरियाक. सरकारी जीवशास्त्रज्ञ विमानातून मोजणी करत होते. १९८० मध्ये आकडा आला सुमारे ३९ हजार. कळप संपत चाललाय, शिकार आवरा, असं त्यांचं म्हणणं. शिकारी म्हणाले, जनावरं संपली नाहीत, दुसरीकडे गेलीत. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८२ मध्ये पुन्हा मोजणी झाली. आकडा आला सुमारे १ लाख ८० हजार!

कॅरिबूची मादी वर्षाला एकच पिल्लू देते. दोन वर्षांत कळप चौपटीहून जास्त वाढूच शकत नाही. म्हणजे एकतर आधीची मोजणी चुकली होती, नाहीतर जनावरं बाहेरून परत आली होती. दोन्ही शक्यता शिकाऱ्यांच्याच बाजूच्या आहेत.

ही गोष्ट सांगितली की दोन प्रकारचे लोक लगेच गडबड करतात. पहिले म्हणतात, हा योगायोग. म्हाताऱ्यांच्या आठवणी म्हणजे विज्ञान नव्हे. दुसरे सूर्यास्ताच्या फोटोवर 'निसर्गाची लेकरं' असं लिहून रील टाकतात. मला दोघांशीही भांडायचं आहे.

आधी पहिल्यांशी. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या सरकारने १९९३ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं अधिकृत धोरण आणलं. १९९६ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि फ्रान्सेस विडोसन यांनी एका लेखात त्यावर हल्ला चढवला. या ज्ञानात श्रद्धा मिसळलेली आहे, म्हणून पर्यावरणाच्या मूल्यमापनालाच त्याचा धोका आहे, असा त्यांचा मुद्दा. ठीक आहे, मग ज्ञानाची कसोटी कोणती? पुढे काय होईल ते सांगता येणं, हीच ना? दक्षिण बाफिन बेटावरच्या इन्युइट बुजुर्गांनी १९८०च्या दशकात सांगून ठेवलं होतं की कॅरिबू आपली हिवाळी चराई सोडून दुसरीकडे जातील. तसंच झालं. त्यांच्या आठवणींवरून संशोधकांनी त्या कळपाच्या चढउताराचा कित्येक दशकांचा इतिहास जुळवला आणि १९९८ मध्ये 'आर्क्टिक' या शास्त्रीय नियतकालिकात छापला. विमानं यायच्या आधीच्या काळाची नोंद दुसऱ्या कुणाकडे होती?

आता रीलवाल्यांशी. बाथर्स्ट नावाच्या कळपात १९८६ मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार कॅरिबू होते. २०२१ मध्ये उरले साधारण ६ हजार. आकडा घसरू लागला तेव्हा इथलेही काही शिकारी म्हणाले, जनावरं दुसरीकडे गेली असतील. या वेळी घट खरी निघाली. म्हणजे बुजुर्ग चुकू शकतात, जसे जीवशास्त्रज्ञ चुकतात. ज्ञान म्हणायचं तर त्याच्याशी वादही घालता आला पाहिजे. ज्याला आपण फक्त हात जोडतो, त्याचं म्हणणं आपण ऐकलेलं नसतं.

खरा प्रश्न कोण बरोबर हा नाहीच. निर्णय कोणाचा, हा आहे.

आज कॅनडाच्या उत्तरेत बुजुर्गांना न विचारता प्रकल्पाचा अहवाल पुढे सरकत नाही. पण विचारतात काय? कळप कुठून जातो, नदी कुठे ओलांडतो, पिल्लं कुठे देतो. हे सगळं नकाशावर चढतं. तोच बुजुर्ग पुढे म्हणतो, हेलिकॉप्टरने पाठलाग करून जनावराच्या गळ्यात पट्टा अडकवणं हा त्याचा अपमान आहे. किंवा, पिल्लं देण्याच्या जागेवर कुणी पाऊलही टाकू नये. इथे मात्र पेन थांबतं. हे म्हणे 'सांस्कृतिक भावना'. पहिलं वाक्य डेटा आणि दुसरं भावना, हे ठरवलं कुणी? एकाच माणसाच्या एकाच अनुभवातून आलेली ही दोन वाक्यं आहेत. माहिती हवी, मत नको. याला सल्लामसलत म्हणत नाहीत, याला उपसा म्हणतात.

वेगळं काही होऊ शकतं का? होतंय. २०१६ पासून त्लिचो या डेने समाजाचे बुजुर्ग आणि शिकारी बाथर्स्ट कळपाच्या उन्हाळी प्रदेशात, कॉन्टवॉइटो तलावाकाठी तळ ठोकतात. उपक्रमाचं नाव 'बूट्स ऑन द ग्राउंड'. ते पायी फिरतात, शिकाऱ्यासारखे थांबून बघतात. कॅरिबू, पिल्लं, चारा, लांडगे, अस्वलं, खाणीचा त्रास, सगळं टिपतात. सोबत संशोधक असतात, पण काय बघायचं ते बुजुर्ग ठरवतात. इथे ते प्रश्नावलीला उत्तर देत नाहीत, प्रश्न तयार करतात.

आणि तरीही. याच कळपाच्या वाटेवर १९९८ पासून हिऱ्यांच्या खाणी सुरू झाल्या. घट एकट्या खाणींनी घडवली असं मी म्हणणार नाही. हवामान, लांडगे, कळपाचे नैसर्गिक चढउतार हेही आहेच. पण थांबायला आधी कुणाला सांगितलं? शिकाऱ्यांना. २०१५ पासून नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये या कळपाची शिकार जवळपास बंद आहे. त्लिचो सरकारने ते मान्य केलं. घरातल्या मुलांना कॅरिबू सोलायला शिकवायची वेळ आली तेव्हा सोलायला कॅरिबूच नाही, हे त्यांनी पत्करलं. आता त्याच कळपाच्या प्रदेशातून उत्तरेकडे आर्क्टिक किनाऱ्यावरच्या ग्रेज बेपर्यंत रस्ता काढायच्या योजना पुढे रेटल्या जात आहेत.

काही इन्युइट संस्थाही या रस्त्याच्या बाजूने आहेत, हे लपवायचं कारण नाही. त्यांनाही रोजगार हवा, स्वस्त सामान हवं. उत्तरेतल्या लोकांनी आपसात भांडून ठरवावं, तो त्यांचा हक्कच आहे. पण शिकाऱ्याने बंदूक खाली ठेवायची आणि बुलडोझरने मात्र 'अभ्यास सुरू आहे' म्हणत वाट बघायची, हा न्याय कुठला?

म्हणून पुढच्या वेळी कुठल्याही अहवालात 'पारंपरिक ज्ञानाचा समावेश केला आहे' असं वाक्य दिसलं, तर एवढंच शोधा: त्या लोकांनी 'नाही' म्हटलं तेव्हा काय झालं? त्या 'नाही'ने एक तरी रस्ता वळला, एक तरी खाण थांबली का? नसेल, तर समावेश ज्ञानाचा झालेला नाही. फक्त नकाशा फुकटात मिळाला आहे.